आयर्लंडचं एकत्रीकरण: सार्वमत कुणाच्या हातात, आणि त्याआधी काय ठरायला हवं

उत्तर आयर्लंड १९२१ मध्ये आखला गेला, तो तिथे प्रोटेस्टंटांचं बहुमत टिकून राहावं या हिशेबाने. ३ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याच प्रदेशाच्या सरकारच्या प्रमुखपदी मिशेल ओनील आल्या. त्यांच्या शिन फेन पक्षाला हा प्रदेश ब्रिटनपासून सोडवून आयर्लंड प्रजासत्ताकात आणायचा आहे. तेव्हापासून ‘आता आयर्लंड एक होणार’ अशा बातम्या अधूनमधून येत असतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं की निकाल लागलाच, फक्त तारीख बाकी आहे.

प्रत्यक्षात ओनील यांना सार्वमत घेण्याचा अधिकारच नाही. तो लंडनमधल्या एका मंत्र्याकडे आहे. शिवाय सार्वमत झालं तर लोकांना नेमकं कशाला होकार द्यायचा आहे, हे आज कुणीच सांगू शकत नाही. सगळा प्रश्न या दुसऱ्या मुद्द्यावर अडला आहे.

आधी नकाशा

आयर्लंड बेटावर ३२ परगणे आहेत. त्यातल्या २६ परगण्यांचं आयर्लंड प्रजासत्ताक हा स्वतंत्र देश आहे; राजधानी डब्लिन, चलन युरो, युरोपीय संघाचा सदस्य. उरलेल्या ६ परगण्यांचा उत्तर आयर्लंड ब्रिटनचा भाग आहे. राजधानी बेलफास्ट, चलन पौंड. बोलण्याच्या सोयीसाठी ‘उत्तर’ आणि ‘दक्षिण’ म्हणतात, पण बेटाचं सगळ्यात उत्तरेचं टोक, डोनेगलमधलं मॅलिन हेड, ‘दक्षिणेत’ आहे. अल्स्टर प्रांतात मुळात ९ परगणे. ते सगळे घेतले असते तर प्रोटेस्टंटांचं बहुमत फारच काठावरचं झालं असतं, म्हणून डोनेगल, कॅव्हन आणि मोनाहन वगळून ६ घेतले.

दोन शब्द नीट समजून घेतले की पुढचं सोपं जाईल. ज्यांना उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्येच राहायला हवा आहे ते युनियनिस्ट. यांत बहुतेक प्रोटेस्टंट. ज्यांना एकसंध आयर्लंड हवा आहे ते राष्ट्रवादी; यांत बहुतेक कॅथलिक. भांडण धर्मग्रंथावरून नाही. आपण ब्रिटिश की आयरिश, यावरून आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून सुमारे ३० वर्षं चाललेल्या हिंसाचारात साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मेली. १० एप्रिल १९९८च्या गुड फ्रायडे कराराने तो मुख्यतः थांबला.

सार्वमत कोण पुकारतं?

त्या कराराने एक साधा नियम घातला: उत्तर आयर्लंडच्या बहुसंख्य लोकांना हवं तोवर तो ब्रिटनचा, आणि बहुसंख्यांनी कौल बदलला तर तो आयर्लंडचा. ब्रिटनने हा नियम १९९८च्या नॉर्दर्न आयर्लंड कायद्यात उतरवला. त्यानुसार लंडनचा उत्तर आयर्लंडविषयक मंत्री (जुलै २०२४ पासून हिलरी बेन) सार्वमताचा आदेश केव्हाही देऊ शकतो. पण एकत्रीकरणाच्या बाजूने बहुमत होण्याची शक्यता आहे असं त्याला दिसलं, तर मात्र त्याने आदेश दिलाच पाहिजे. एकदा सार्वमत झालं की पुढचं किमान ७ वर्षं घेता येत नाही.

‘शक्यता दिसली’ म्हणजे काय दिसलं? सर्वेक्षणं? निवडणुकीतली मतं? जनगणना? कायदा याबद्दल गप्प आहे. मंत्र्याने आपले निकष आधी जाहीर करावेत म्हणून बेलफास्टमध्ये दावाही झाला, पण तशी सक्ती कायद्यात नाही असं न्यायालयाने सांगितलं. म्हणजे सामना कधी सुरू करायचा हे एकच पंच ठरवणार, आणि कशावरून ठरवणार हे सांगण्याचं बंधन त्याच्यावर नाही. ही त्रुटी किरकोळ नाही. उद्या मंत्र्याने आदेश दिला किंवा नाकारला, तरी हरलेली बाजू म्हणेल की निर्णय मनमानी होता.

मतदान फक्त उत्तरेत करून भागत नाही. दक्षिणेच्या राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमानुसार दोन्हीकडच्या बहुसंख्यांची संमती लागते. दक्षिणेत घटना बदलायची तर सार्वमत घ्यावंच लागतं, आणि त्यात फक्त १८ वर्षांवरचे आयरिश नागरिक मत देतात. तिथे राहणारे ब्रिटिश नागरिक संसदेच्या निवडणुकीत मत देऊ शकतात, सार्वमतात नाही. उत्तरेत कुणाला मत द्यायचा हक्क असेल, १६-१७ वर्षांच्या मुलांना असेल का, हे त्या वेळच्या आदेशातच ठरणार आहे. प्रश्नाची शब्दरचनाही तेव्हाच.

याआधी एकदा असं मतदान झालं आहे. ८ मार्च १९७३ रोजी जवळपास ९९ टक्के मतं ब्रिटनच्या बाजूने पडली, कारण राष्ट्रवाद्यांनी बहिष्कार टाकला होता. एवढा एकतर्फी आकडा आला, तरी त्याने काहीही मिटलं नाही.

कॅथलिक जास्त झाले, मग अडलंय कुठे?

२०२१च्या जनगणनेने ही चर्चा पेटवली. कॅथलिक म्हणून वाढलेले ४५.७ टक्के, प्रोटेस्टंट किंवा इतर ख्रिस्ती म्हणून वाढलेले ४३.५ टक्के. शंभर वर्षांत पहिल्यांदाच असं झालं. पण त्याच जनगणनेत लोकांना आपली राष्ट्रीय ओळखही विचारली होती. फक्त ब्रिटिश म्हणणारे ३१.९ टक्के, फक्त आयरिश २९.१, आणि फक्त ‘नॉर्दर्न आयरिश’ १९.८. हा तिसरा गट दोन्ही झेंड्यांपासून थोडा लांब उभा आहे.

मतपेटी काय सांगते तेही पाहा. १९९८च्या विधानसभा निवडणुकीत शिन फेन आणि एसडीएलपी या दोन राष्ट्रवादी पक्षांना मिळून ३९.६ टक्के मतं होती. २०२२ मध्ये ३८.१ टक्के. चोवीस वर्षांत कॅथलिक लोकसंख्या वाढली, राष्ट्रवादी मतं जवळपास तिथेच राहिली. मग शिन फेन पहिला कसा आला? एक तर त्याने एसडीएलपीची मतं खाल्ली. दुसरं म्हणजे युनियनिस्ट मतं डीयूपी, यूयूपी आणि टीयूव्ही अशा तीन पक्षांत फुटली. आणि वाढला तो मधला अलायन्स पक्ष: १३.५ टक्के मतं, ९० पैकी १७ जागा. या पक्षाची एकत्रीकरणाबद्दल अधिकृत भूमिका नाही. तो ना इकडे ना तिकडे.

म्हणून ‘अजून दहा-पंधरा वर्षं थांबा, आकडेच काम करतील’ हा हिशेब कच्चा आहे. सर्वेक्षणांमध्ये उत्तरेत एकत्रीकरणाला पाठिंबा साधारण एक तृतीयांशापासून चाळीस टक्क्यांपर्यंत दिसतो, आणि ब्रिटनमध्ये राहण्याला त्याहून जास्त. बऱ्याच कॅथलिकांना मनातून एकसंध आयर्लंड आवडतो, पण उद्या मत द्यायला सांगितलं तर ते आधी दवाखाना, पगार आणि पेन्शन विचारतात. निकाल ठरवणारी माणसं हीच, आणि अलायन्सचे मतदार. त्यांना गाण्या-झेंड्यांनी जिंकता येत नाही.

ब्रेक्झिटने काय बदललं?

२०१६ मध्ये उत्तर आयर्लंडने ५५.८ टक्के मतांनी युरोपीय संघात राहायचा कौल दिला, तरी ब्रिटनबरोबर त्याला बाहेर पडावं लागलं. उत्तर आणि दक्षिण यांच्यातली सीमा सुमारे ५०० किलोमीटर लांब आहे आणि तिच्यावरून जाणारे रस्ते २००च्या वर आहेत. त्यावर पुन्हा चौक्या उभारणं कुणालाच परवडणारं नव्हतं. मग मालाची तपासणी समुद्रावर, म्हणजे उत्तर आयर्लंड आणि उरलेल्या ब्रिटनच्या मध्ये नेली. ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यातल्या २०२३च्या विंडसर फ्रेमवर्क या कराराने ती सौम्य केली, संपवली नाही. युनियनिस्टांना हे घरातच भिंत घातल्यासारखं वाटलं.

ब्रेक्झिटमुळे एक व्यावहारिक दारही उघडलं. एप्रिल २०१७ मध्ये युरोपीय नेत्यांच्या परिषदेने स्पष्ट केलं की गुड फ्रायडे करारानुसार आयर्लंड एक झाला तर सगळं बेट आपोआप संघात असेल, वेगळा अर्ज नको. १९९०ला पूर्व जर्मनी असाच आत आला होता. उत्तरेतल्या मध्यममार्गी, युरोप हव्या असलेल्या मतदाराला हा मुद्दा कळतो. आधी त्याला एकत्रीकरणाशी काही घेणंदेणं नव्हतं.

दक्षिणेला हे परवडेल का?

इथे आकडे एकमेकांच्या अंगावर फेकले जातात. उत्तर आयर्लंडवर होणारा सरकारी खर्च आणि तिथून मिळणारा कर यांतली तूट लंडन भरतं. ती वर्षाला सुमारे १० अब्ज पौंडांची आहे. ‘एकत्र आलात तर हे डब्लिनने भरायचं’, हा सगळ्यात जुना आक्षेप.

पण त्या १० अब्जांत काय काय आहे ते उघडून बघावं लागतं. ब्रिटनच्या लष्कराचा खर्च उत्तर आयर्लंडच्या वाट्याला लावलेला आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय कर्जाचं व्याज आहे. निवृत्तिवेतन आहे. भाऊ वेगळे होतात तेव्हा जुनं कर्ज कुणाच्या नावावर राहतं आणि आईच्या औषधाचे पैसे कोण देतं, यावर प्रत्येकाच्या वाट्याचा आकडा बदलतो. इथे तसंच आहे. डब्लिन सिटी युनिव्हर्सिटीचे जॉन डॉइल यांचं म्हणणं, लष्कर, कर्ज आणि आजवरची पेन्शनं लंडनकडे राहिली तर खरी तूट सुरुवातीला वर्षाला साधारण ३ अब्ज युरोंपर्यंत खाली येते. अर्थतज्ज्ञ जॉन फिट्झजेराल्ड आणि एडगर मॉर्गेनरॉथ यांनी एप्रिल २०२४ मध्ये ८ ते २० अब्ज युरो असा अंदाज मांडला, आणि तोही वीस वर्षं, दरवर्षी. त्यातला वरचा आकडा दक्षिणेच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या जवळपास दहावा हिस्सा आहे. उत्तरेतले सरकारी पगार आणि भत्ते दक्षिणेच्या पातळीवर आणायचे धरले की तो येतो.

३ आणि २० यांमधला हा फरक बेरीज चुकल्यामुळे पडलेला नाही. दोन सरकारांच्या वाटाघाटीत काय ठरेल याबद्दलची गृहीतकं वेगळी आहेत. म्हणून कुणी एकच आकडा ठामपणे सांगितला तर दोन प्रश्न विचारावेत: पेन्शन कुणाकडे धरलंत, आणि पगार किती वर्षांत बरोबरीला आणलेत?

दक्षिणेतल्या सर्वेक्षणांत एकत्रीकरणाला मोठं बहुमत मिळतं, साधारण तीनात दोन. मात्र कर वाढेल, झेंडा बदलावा लागेल, राष्ट्रगीत बदलेल असे पोटप्रश्न घातले की उत्साह झपाट्याने ओसरतो. आज डब्लिनच्या तिजोरीत शिल्लक आहे, पण ती फार मोठ्या प्रमाणात मोजक्या अमेरिकी कंपन्यांच्या करावर उभी आहे. असा पैसा एका वर्षात आटू शकतो, आणि एकत्रीकरणाचा खर्च काही एका वर्षाचा नसतो.

डॉक्टरकडे गेलं तर पैसे लागतील?

उत्तरेतल्या घराघरात विचारला जाणारा हा प्रश्न आहे, आणि राष्ट्रवादी पुढारी त्याचं उत्तर अजून तोलूनमापून देतात.

उत्तरेत एनएचएस ही ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा आहे: डॉक्टरला भेटायला पैसे पडत नाहीत. दक्षिणेत ज्यांच्याकडे मोफत उपचारांचं मेडिकल कार्ड नाही त्यांना एका भेटीचे साधारण ५० ते ७० युरो मोजावे लागतात. चिठ्ठीशिवाय थेट आपत्कालीन विभागात गेलं तर १०० युरो. ८ वर्षांखालची मुलं आणि ७० वर्षांवरचे यांना डॉक्टरची भेट मोफत आहे, आणि सरकारी रुग्णालयात दाखल होण्याचं शुल्क २०२३ मध्ये रद्द झालं. दुसरी बाजू अशी की एनएचएस कागदावर मोफत असली तरी शस्त्रक्रियेसाठीच्या प्रतीक्षा याद्या सगळ्या ब्रिटनमध्ये उत्तर आयर्लंडच्याच सर्वांत वाईट आहेत. दोन्ही व्यवस्था एका रात्रीत जोडता येणार नाहीत. नोंदी वेगळ्या, पगारश्रेण्या वेगळ्या, औषधखरेदी वेगळी.

पेन्शनच्या बाबतीत भीती जास्त आणि वस्तुस्थिती बरी आहे. २०२५ मध्ये ब्रिटनचं पूर्ण सरकारी निवृत्तिवेतन आठवड्याला २३०.२५ पौंड होतं, आयर्लंडचं जास्तीत जास्त २८९.३० युरो, म्हणजे थोडं जास्तच. ब्रिटनमध्ये वर्गणी भरलेला माणूस आज आयर्लंडमध्ये राहायला गेला तरी त्याचं ब्रिटिश पेन्शन सुरू राहतं. तोच नियम लाखो माणसांना एकदम लागू होईल की नाही, हा वाटाघाटीचा विषय.

एकत्र चालणारी कामं आजही कमी नाहीत. उत्तरेतल्या मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया डब्लिनला होतात. दक्षिणेतल्या डोनेगलचे कर्करुग्ण उत्तरेतल्या डेरीच्या रुग्णालयात जातात. २००७ पासून विजेचा बाजार सगळ्या बेटाचा एक आहे. भारताविरुद्ध उतरणारा आयर्लंडचा क्रिकेट संघही अख्ख्या बेटाचा असतो. फुटबॉलचे मात्र दोन. या सगळ्याला कुणाची हरकत नाही, कारण त्यासाठी कुणाला आपली ओळख सोडावी लागली नाही.

५० टक्के अधिक एक मत पुरेल?

कायद्याने, हो. पण एवढ्या काठावरच्या निकालाने जवळपास निम्मा समाज न मागितलेल्या देशात जाईल, हा आक्षेप गंभीर आहे. तो फक्त युनियनिस्टांनी घेतलेला नाही. २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान असताना लिओ वराडकर यांनीही एका मताच्या बहुमतावर असा बदल नको असं म्हटलं होतं. वराडकरांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे, त्यामुळे कोकणात हे नाव घरचंच आहे. पद सोडल्यावर जून २०२४ मध्ये बेलफास्टच्या सभेत त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं: एकत्रीकरण ही सरकारची नुसती इच्छा न राहता उद्दिष्ट व्हावं, अशी मागणी केली.

मग ६० टक्क्यांची अट घालावी का? इथे माझं मत स्पष्ट आहे: नाही. ५५ टक्के लोकांनी ‘जायचं’ म्हटलं आणि तरी त्यांना ब्रिटनमध्येच ठेवलं, तर राष्ट्रवाद्यांच्या मताचं वजन युनियनिस्टांच्या मतापेक्षा कमी, असा त्याचा अर्थ होतो. त्यांनी १९९८ मध्ये बंदूक बाजूला ठेवणाऱ्या करारावर सही केली ती मतं समान मोजली जातील या अटीवर. नियम अर्ध्यात बदलले तर तो करारच हलतो. काठावरच्या निकालाची भीती घालवायचा मार्ग दुसरा आहे, तो मतदानाच्या आधीच्या कामात आहे.

युनियनिस्टांचं काय होईल?

करारात लिहिलेली काही आश्वासनं सार्वभौमत्व बदललं तरी टिकतात. उत्तर आयर्लंडच्या लोकांना आज ब्रिटिश, आयरिश किंवा दोन्ही नागरिकत्व घेता येतं, एकत्रीकरणानंतरही येईल. जे सरकार असेल त्याने सर्वांशी कसोशीने निःपक्षपाती वागलं पाहिजे, हेही त्यात आहे.

एवढ्याने विश्वास बसत नाही, आणि का बसत नाही ते समजण्यासारखं आहे. १९२१ नंतरच्या पन्नास वर्षांत उत्तरेतल्या कॅथलिकांना घरवाटप, नोकऱ्या आणि मतदारसंघांच्या आखणीत डावललं गेलं. युनियनिस्टांना धास्ती आहे की आता तेच आपल्या नशिबी येईल. १२ जुलैच्या प्रोटेस्टंटांच्या ऑरेंज मिरवणुका निघतील का, बेलफास्टची विधानसभा राहील का, राजाशी काही नातं उरेल का: हे त्यांचे प्रश्न. विधानसभा ठेवून डब्लिनच्या छत्राखाली आणणं, संघराज्य करणं, की सरळ एकच केंद्रीय राज्य, असे निदान तीन आराखडे चर्चेत आहेत. युनियनिस्ट पुढारी या चर्चेला बसत नाहीत, कारण बसणं म्हणजे अर्धं मान्य करणं. त्यांच्या जागी कुणीही असतं तरी हाच पेच पडला असता.

आराखडा आधी की मत आधी?

महाराष्ट्रात सोसायटीच्या पुनर्विकासासाठी ५१ टक्के सदस्यांची संमती लागते. पण चटई क्षेत्र किती, भाडं किती महिने, कॉर्पस किती, बँक गॅरंटी आहे का, हे कागदावर आल्याशिवाय शहाणा सदस्य सही करत नाही. ‘आधी सह्या द्या, प्लॅन नंतर दाखवू’ म्हणणाऱ्या बिल्डरला लोक ओळखून असतात.

आयर्लंडने दोन्ही प्रकार जवळून पाहिले आहेत. १९९८ मध्ये गुड फ्रायडे कराराची प्रत उत्तरेतल्या घरोघरी पोचवली आणि मग २२ मेला मत घेतलं. उत्तरेत ७१.१ टक्के, दक्षिणेत ९४.४ टक्के होकार आला, आणि तो निकाल टिकला. २०१६ मध्ये ब्रिटनने ब्रेक्झिटवर मत घेतलं तेव्हा बाहेर पडणं म्हणजे काय, हे ठरलंच नव्हतं. पुढची कित्येक वर्षं होकाराचा अर्थ काय यावरच भांडण चाललं.

शिन फेनला २०३० पर्यंत सार्वमत हवं आहे. डब्लिनचे पंतप्रधान मीहॉल मार्टिन यांचा भर आधी संबंध आणि सोयी वाढवण्यावर आहे. त्यांच्या ‘शेअर्ड आयलंड’ योजनेतून सीमेवरचा नॅरो वॉटर पूल बांधायला घेतला, बेलफास्ट-डब्लिन रेल्वे तासातासाला सुरू केली. कामं चांगली आहेत, पण त्यांनी आरोग्य, पेन्शन आणि घटनेच्या प्रश्नांना उत्तर मिळत नाही. ते काम सरकारनेच करायला हवं, कारण आकडे, कायदे आणि वाटाघाटीचा अधिकार सरकारकडे असतो, पक्षाकडे नाही. अडचण अशी की लंडन सार्वमताआधी वाटाघाटीला बसायला बांधील नाही. त्यामुळे डब्लिनला निदान आपली बाजू, म्हणजे रुग्णालयं, करदर, घटनादुरुस्तीचा मसुदा, आधी लिहून ठेवता येते. कर्ज आणि पेन्शनची वाटणी कंसात सोडावी लागते.

पुढे लक्ष ठेवायच्या जागा दोन. मे २०२७ची उत्तर आयर्लंड विधानसभा निवडणूक: त्यात शिन फेन पहिला येतो का यापेक्षा राष्ट्रवादी पक्षांची एकूण मतं ४० टक्क्यांची रेघ सोडून वर सरकतात का, हे बघावं. आणि डब्लिनचं सरकार एकत्रीकरणाच्या तयारीसाठी स्वतंत्र खातं किंवा मंत्री नेमतं का. मंत्र्याला ‘शक्यता दिसली’ असं म्हणायला लावेल तो बदल पहिल्या ठिकाणी दिसेल. उत्तरेतल्या न्यूरी किंवा ओमा गावातल्या मतदाराला त्या दिवशी हातात धरायला काही कागद असेल की नाही, ते दुसऱ्या ठिकाणी.